पॉइंट टू-टू रायफलची निवड

पॉइंट टू-टू रायफल : .२२ इंच (सुमारे ५.६ मिमी) व्यासाच्या नळीची, कडेवर ठोका बसून पेटणारे काडतूस झाडणारी रायफल. नेमबाज तिला ‘टू-टू’ किंवा ‘स्मॉल बोअर’ म्हणतात. ठाणे-नवी मुंबईत ती शिकारीसाठी घेतली जात नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नंतर तो प्रश्नच उरलेला नाही. इथे ती घेतली जाते ५० मीटरवरच्या लक्ष्यासाठी, आणि बहुधा १० मीटर एअर रायफलीत हात बसल्यावर.

झाडलेल्या काडतुसाची पुंगळी उलटी करून पाहिली की या जातीचे सगळे गुणदोष कळतात. मोठ्या रायफलीच्या पुंगळीला तळाच्या मध्यावर पितळी टिकली असते. इथे तळ कोरा असतो आणि फक्त काठावर एका जागी खोलगट खूण उमटलेली असते. स्फोटक मसाला या पोकळ काठाच्या आत फिरवून बसवलेला असतो. फायरिंग पिन काठ चेंगरते, मसाला पेटतो, त्याने दारू पेटते. काठ चेंगरला जावा म्हणून पत्रा पातळ ठेवावा लागतो, आणि पातळ पत्र्याला फार दाब सोसत नाही. म्हणून टू-टूचा धक्का आणि आवाज दोन्ही बेताचे. एकदा वापरलेली पुंगळी मात्र पुन्हा भरता येत नाही. मोठ्या रायफलीचे नेमबाज आपल्या नळीला जुळेल असे काडतूस स्वतः भरून घेऊ शकतात, टू-टूवाल्याला ती सोय नाही. कारखान्यातून येईल त्यातलेच आपल्या नळीला मानवणारे काडतूस हुडकून काढावे लागते. निवडीचा निम्मा प्रश्न इथेच आहे, आणि नवखे लोक नेमका तोच विसरतात.

या काडतुसाचा उगम फ्रान्समधल्या फ्लोबेरच्या १८४५च्या छोट्या काडतुसात आहे. आज सर्वत्र चालणारे ‘लाँग रायफल’ काडतूस अमेरिकेत १८८७ मध्ये आले. त्याची शिशाची गोळी साधारण ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅमची असते. स्पर्धेची काडतुसे मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा कमी, सेकंदाला ३२०-३३० मीटरच्या आसपास ठेवलेली असतात, कारण वाटेत आवाजाचा वेग ओलांडून खाली येणारी गोळी डगमगते. दुकानात ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेली पेटी दिसली म्हणून ती अधिक चांगली, असे समजू नये. लक्ष्यासाठी ती कमीच पडते.

५० मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो. थ्री पोझिशन प्रकारात गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभे राहून प्रत्येकी २० असे ६० नेम साधावे लागतात. कांबळवाडीच्या (जि. कोल्हापूर) स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्याआधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पोटावर झोपून) विश्वविजेत्या झाल्या होत्या. ठाणे-नवी मुंबईकरांना जवळचे दाखले म्हणजे वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आणि पनवेलचा लक्ष्य शूटिंग क्लब. हा क्लब २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये एअर रायफलची अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर यांनी उभा केला. रायफल घ्यायच्या आधी अशा ठिकाणी क्लबची रायफल निदान एक मोसम वापरावी, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. ज्याला प्रोनमध्ये हाताला बांधलेला पट्टा कुठे रुततो हे अजून माहीत नाही, त्याला कोणता दस्ता (नळी जिच्यात बसते आणि जी खांद्याला टेकते ती चौकट) हवा हेही सांगता येणार नाही.

रायफल आधी अंगाला बसली पाहिजे. ती जोखताना शूटिंग जॅकेट अंगावर असावेच. जाड कॅनव्हासचे जॅकेट खांद्याशी जागा खाते, आणि टी-शर्टवर अचूक वाटलेला दस्ता रेंजवर लांब पडतो. जोखायची रीत साधी आहे. पवित्रा घ्यायचा, डोळे मिटायचे, रायफल खांद्याला लावून गाल दस्त्यावर टेकवायचा, एक-दोन श्वास घ्यायचे आणि मग डोळे उघडायचे. नेम धरायच्या मागच्या साइटच्या भोकात पुढचे कडे आपोआप मधोमध दिसले तर गालपट्टीची उंची बरोबर. मान ताणावी किंवा हनुवटी दाबावी लागली तर ती हलवायची, आणि हलवण्याची सोय नसेल तर ती रायफल आपली नाही. अशी तडजोड पहिल्या दहा गोळ्यांत जाणवत नाही, चाळिसाव्या गोळीला मान सांगते. डावखुऱ्यांनी, आणि ज्यांचा डावा डोळा प्रबळ आहे त्यांनीही, डाव्या बाजूच्या बोल्टचीच (काडतूस भरताना मागे ओढायच्या खिट्टीची) रायफल शोधावी. मिळायला वेळ लागतो, पण उजव्या बोल्टशी झगडत लागलेली सवय पुढे मोडणे अवघड.

आंतरराष्ट्रीय नियमांनी वजनाची कमाल मर्यादा ८ किलो ठेवली आहे. ती मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. जड रायफल कमी हलते हे खरे, पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुला-मुलीच्या कंबरेवर आणि पाठीवर ते ओझे उभ्या पवित्र्यात रोज पडते. वजनाचे तुकडे नंतर लावता येतील अशी हलकी रायफल वाढत्या वयाला बरी.

यंत्रभागाबद्दल फार बोलण्यासारखे नाही. स्पर्धेसाठी एकेक काडतूस हाताने भरायची बोल्ट रायफलच घ्यावी. ॲन्शुट्झ, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, ब्लायकर ही नावे रेंजवर कानावर पडतात, आणि यांतल्या कोणत्याही चांगल्या स्थितीतल्या मॅच रायफलीची नळी बहुतेक नेमबाजांपेक्षा अचूक असते. नव्या मॅच रायफलीची किंमत लाखांत जाते, म्हणून अनेकजण जुन्याकडे वळतात. त्यात गैर काही नाही.

जुनी रायफल पाहताना बोल्ट काढून चेंबरच्या (काडतूस बसते त्या खणाच्या) तोंडावर टॉर्चचा झोत टाकावा. रिकाम्या चेंबरवर वारंवार ट्रिगर ओढला गेला असेल तर काही रायफलींत पिन थेट नळीच्या काठावर आदळते आणि तिथे बारीक खड्डा पडून धातूचा ओठ आत येतो. काडतूस आत जाताना अडखळते ते त्याच ओठाला. मग नळीचे पुढचे तोंड नखाने चाचपावे. कुणी साफसफाईचा गज वर्षानुवर्षे पुढून घातला असेल तर तिथली कड झिजलेली असते, आणि गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्याच कडेला होतो.

यानंतर काडतूस. एकाच कंपनीच्या, एकाच पेटीछापाच्या दोन लॉटमध्येही (एका वेळी बनलेल्या खेपांमध्येही) फरक असतो. एका नळीला एक लॉट भावतो, शेजारच्या रायफलीला तोच लॉट पसरट गट (लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका) देतो. म्हणून एली, लापुआ, आरडब्ल्यूएस या कंपन्यांचे मिळतील तेवढे लॉट थोडे थोडे आणून, रायफल शिकंज्यात घट्ट धरून, प्रत्येकाचे दहा-दहाचे गट पाडावेत. हिशेब असा : दहाचे वर्तुळ १०.४ मिमी, गोळीचे भोक ५.६ मिमी आणि रेषेला नुसता स्पर्श झाला तरी दहा मिळतात. म्हणजे गोळ्यांच्या मध्यबिंदूंचा पसारा १६ मिमीच्या आत राहिला तर नीट मध्यावर बसवलेला गट पूर्ण दहाचा होतो. अंतिम फेरीत दशांशाने गुण मोजतात, तिथे त्याहून बराच घट्ट गट लागतो. जुळलेला लॉट सापडला की परवान्याची मर्यादा आणि खिसा परवानगी देईल तितका एकदम घ्यावा. सरावाला त्याच कंपनीचे स्वस्त काडतूस चालते. उघड्या रेंजवर मात्र लॉट परखायचे काम सकाळी लवकर उरकावे. सेकंदाला एक मीटर वेगाचा आडवा वाराही ५० मीटरवर ही गोळी पाचेक मिलिमीटर ढकलतो, आणि खाडीलगत दुपारी खारे वारे सुटले की चुकलेला नेम काडतुसाचा की वाऱ्याचा हे ओळखू येत नाही.

ठाणे-नवी मुंबईच्या हवेमुळे आणखी एक निकष पुढे येतो : दस्ता कशाचा. जून ते सप्टेंबर लाकूड दमट हवा पिते, फुगते, आणि नळी आणि यंत्रभाग त्यात घट्ट बसवलेले असतात तिथला ताण बदलतो. उन्हाळ्यात बसवलेला गट पावसाळ्यात सरकतो. ॲल्युमिनियमच्या दस्त्याला हा त्रास नाही, म्हणून इथल्या नेमबाजाने परवडत असेल तर तोच घ्यावा. लाकडी असेल तर दस्त्याचे स्क्रू टॉर्क रेंचने (ठराविक जोराने आवळायच्या पान्याने) एकाच मापाला आवळलेले आहेत ना, हे पावसाळ्यात पुन्हा पुन्हा पाहावे. घरी आल्यावर रायफल स्पंजाच्या पेटीत तशीच ठेवू नये. भिजून आलेला स्पंज आठवडाभर ओल धरतो आणि नळीवर तांबूस ठिपके उठतात. पुसून, तेलाचा पातळ हात देऊन, कुलूपबंद कपाटात सिलिका जेलसोबत उभी ठेवावी.

टू-टू ही शस्त्र कायदा, १९५९ खालची परवान्याची वस्तू आहे. .१७७ इंच बोअरच्या साध्या एअर रायफलीसारखी ती नुसत्या पावतीवर घरी आणता येत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडीच्या रहिवाशांना परवाना ठाणे पोलीस आयुक्तालयातून मिळतो, वाशी ते पनवेलपर्यंतच्यांना नवी मुंबई पोलीस आयुक्तालयातून, आणि ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडून. स्वतःच्या नावावर परवाना घ्यायला वयाची २१ वर्षे पूर्ण लागतात. त्याआधी मुले रेंजवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षे झाली आहे. अर्जाला आणि पडताळणीला वेळ जातो, तेव्हा दुकानदाराला बयाणा आधी देऊन बसू नये. प्रवासात रायफल रिकामी, पेटीबंद, बोल्ट काढलेली, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि परवाना अंगावर असावा. ट्रान्स-हार्बरच्या गर्दीच्या लोकलमध्ये ती लांब पेटी उभी धरून पनवेल गाठण्यापेक्षा क्लबातल्या दोघा-तिघांनी मिळून गाडी केलेली बरी.