वीज पडते वरून, मारते खालून

गेल्या ऑक्टोबरात आमच्या शेतात सोयाबीनची काढणी चालू होती. दुपारी तीनच्या सुमाराला पश्चिमेकडून आभाळ भरून आलं आणि पहिला गडगडाट झाला. लगेच एका मावशींनी सगळ्यांना बजावलं, "फोन बंद करा, ईज चमकायली." पटापट सात-आठ फोन बंद झाले आणि सगळ्या जणी बांधावरच्या कडुनिंबाकडे निघाल्या. माझा फोन चालू होता. त्यावर पाच मिनिटांपूर्वीच संदेश आला होता: जिल्ह्यात पुढच्या तीन तासांत तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि सोसाट्याचा वारा.

जो फोन धोक्याची सूचना देतो तो बंद करायचा आणि जे झाड धोक्याचं आहे त्याखाली जायचं, हे मी लहानपणापासून बघत आलोय. मोबाईल वीज ओढत नाही. त्याच्या लहरींत हवेतून विजेला वाट करून देण्याइतकी ताकद नसते आणि हातातल्या एवढ्याशा वस्तूनं ढगाला काही फरक पडत नाही. घरात भिंतीतल्या चार्जरला जोडलेला फोन हातात धरणं मात्र धोक्याचं, कारण बाहेर तारांवर पडलेली वीज वायरिंगमधून आत येऊ शकते.

त्या संदेशातला 'तुरळक' हा शब्द लोकांना फसवतो. हवामान विभागाच्या भाषेत तुरळक म्हणजे जिल्ह्यातल्या फार तर एक चतुर्थांश ठिकाणी. त्या पाव भागात आपलं शेत आहे की नाही, हे संदेश सांगत नाही. 'यलो अलर्ट' म्हणजे लक्ष ठेवा, 'ऑरेंज' म्हणजे तयार राहा, 'रेड' म्हणजे हालचाल करा. पिवळा आहे म्हणून आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. पण वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज पडून माणसं जातात, ती बऱ्याचदा पिवळ्या दिवशीच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ जणांचा मृत्यू झाला. नैसर्गिक आपत्तींत त्या वर्षी गेलेल्यांपैकी हे एक तृतीयांशाहून जास्त.

आता मला खरं जे सांगायचंय त्याकडे येतो. वीज पडून मेला म्हटलं की डोक्यावर लोळ कोसळलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात वीज थेट अंगावर पडून होणारे अपघात शंभरात तीन ते पाचच. तीसेक टक्के लोकांवर वीज शेजारच्या झाडावरून किंवा खांबावरून उडी मारते. आणि निम्म्याहून जास्त लोकांना ती जमिनीतून येऊन पकडते.

ते कसं, ते बघू. झाडावर वीज पडली. साधारण ३०,००० अँपिअरचा प्रवाह बुंध्यातून खाली आला. जमिनीत शिरला की तो एका जागी जिरत नाही, चहूकडे पसरतो. तळ्यात दगड टाकल्यावर गोल गोल लाटा उठतात तशी बुंध्याभोवती व्होल्टेजची वर्तुळं तयार होतात. बुंध्याजवळ सगळ्यात जास्त, लांब जाल तसं कमी. तुमचा एक पाय आतल्या वर्तुळावर आणि दुसरा बाहेरच्या वर्तुळावर असेल, तर दोन पायांत व्होल्टेजचा फरक पडतो. मग प्रवाह एका पायातून वर चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो.

हा फरक किती? सूत्र साधं आहे. जमिनीचा विशिष्ट रोध (माती विजेला किती अडवते त्याचं माप) गुणिले प्रवाह, आणि त्याला भागायचं २ × π × अंतर यानं. हे झालं एका ठिकाणचं व्होल्टेज. दोन्ही पावलांखालचं काढायचं आणि वजा करायचं. रोध १०० ओहम-मीटर धरला, तर बुंध्यापासून ५ मीटरवर अर्ध्या मीटरची ढांग टाकून उभ्या माणसाच्या दोन पायांत साधारण ८,७०० व्होल्ट येतात. त्याच जागी पावलं जुळवून अंतर १० सेंटिमीटरवर आणलं तर १,९०० च्या आत. आणि तीच अर्ध्या मीटरची ढांग २० मीटरवर टाकली तर सहाशेच्याही आत. अंतर चौपट झालं, व्होल्टेज जवळजवळ पंधरापट उतरलं.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. हे सूत्र जमीन खोलवर एकसारखी आहे असं मानतं. मराठवाड्यात वर हात-दोन हात काळी ओली माती आणि खाली काळा कातळ. ओली माती प्रवाह चांगला वाहून नेते, कातळ नेत नाही. त्यामुळे प्रवाहाला खाली जायला वाट मिळत नाही आणि तो वरच्या थरातूनच आडवा धावतो. मग प्रति मीटर व्होल्टेज अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात न उतरता नुसत्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात उतरतं: अंतर दुप्पट झालं की पावपट न होता निम्मंच होतं. म्हणजे धोक्याचं वर्तुळ मोठं होतं. हलक्या मुरमाड रानात रोधच जास्त, तिथे आकडे सरळ वाढतात.

आता गाय घ्या. पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटर अंतर. त्याच ५ मीटरवर तिच्या वाट्याला २२,००० व्होल्ट येतात, आणि प्रवाहाच्या वाटेत तिचं काळीज असतं. म्हणून झाडाखाली बांधलेली जनावरं दगावतात आणि शेजारचा माणूस कधी कधी वाचतो. नॉर्वेत ऑगस्ट २०१६ मध्ये हार्डांगरविड्डा पठारावर वादळात ३२३ रेनडिअर एकाच ठिकाणी मेलेले सापडले, ते असेच. जमिनीवर आडवं पडू नये म्हणतात तेही याचसाठी. डोक्यापासून पायापर्यंतचं अंतर गाईइतकं होतं.

पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत अजून गावोगाव आहे. जन्माला येताना आधी डोकं आलं की पाय, याचा ढगाला पत्ता नसतो. पण त्यापायी एखाद्या पोराला पावसाळाभर रानात न्यायचं नाही आणि बाकीच्यांनी निर्धास्त झाडाखाली बसायचं, यात बाकीच्यांचा जीव जातो. वीज लागलेल्या माणसाला शेणात पुरल्याच्या बातम्या छत्तीसगड, झारखंडातून येतात, तेव्हा तर अक्षरशः जीव तळमळतो. त्या माणसाच्या अंगात वीज उरलेली नसते, त्याला हात लावला तरी आपल्याला काही होत नाही. त्याचं हृदय किंवा श्वास थांबलेला असतो. त्या क्षणी छाती दाबायला सुरुवात केली आणि १०८ ला फोन लावला, तर तो परत येऊ शकतो. शेणात घालवलेली दहा मिनिटं त्याच्या आयुष्यातली शेवटची ठरतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' अॅप फोनमध्ये असू द्या. विजेतून निघणाऱ्या रेडिओ लहरी देशभरातले संवेदक टिपतात, त्यावरून ते आपल्या २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात पडलेल्या विजा दाखवतं. रेंज नसेल तर कान आहेतच. चमक दिसली की मोजायला लागायचं. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची आपल्यावर पडू शकते. पाऊस सुरू व्हायची वाट बघायची नाही. पक्कं घर किंवा पूर्ण बंद, पत्र्याच्या टपाची गाडी गाठायची. चारी बाजूंनी उघडं शेड, नुसती छत्री लावलेला ट्रॅक्टर, कडब्याची गंज यांतलं काही कामाचं नाही. शेवटचा गडगडाट झाल्यावरही अर्धा तास आत थांबायचं. उघड्या रानात सापडलातच, तर झाडापासून लांब, पावलं जुळवून उकिडवं बसायचं. त्यानं धोका कमी होतो, जात नाही.

त्या दिवशी मी सगळ्यांना आखाड्यावरच्या (शेतातल्या वस्तीवरच्या) पक्क्या खोलीत यायला सांगितलं. मावशी काही केल्या निघेनात. का, ते जरा वेळानं कळलं. सगळ्यांचे जेवणाचे डबे, पाण्याच्या बाटल्या आणि एकीचं तान्हं पोर झोळीत, सगळं त्या कडुनिंबालाच टांगलेलं होतं. आभाळ आलं की पाय तिकडेच वळणार. तिथून आखाडा चालत चार मिनिटांवर, पोर कडेवर असेल तर सहा. यंदा काढणीच्या पहिल्या दिवशीच डबे आणि झोळी खोलीत ठेवायची, असं आमचं ठरलंय.