बिघाड कोणत्या बाजूला झुकावा? : गॅरेजच्या दारावरील सुरक्षा सेन्सरची दुरुस्ती

गॅरेजचे स्वयंचलित दार खाली येता येता मध्येच थांबून पुन्हा वर जाऊ लागले की त्यावर एक सल्ला हमखास दिला जातो : सेन्सरकडून येणाऱ्या दोन तारा एकमेकींना जोडून टाका, म्हणजे मोटरची समजूत पटेल आणि दार मुकाट्याने बंद होईल. हा सल्ला देणाऱ्यांपैकी अनेकांनी तो स्वतः करून पाहिलेला नसावा, कारण बहुतेक आधुनिक ओपनर, म्हणजे दार उघडबंद करणारी मोटरची यंत्रे, त्याला फसत नाहीत. तारा जोडल्या तरी दार बंद होत नाही आणि तोडल्या तरी होत नाही. साध्या स्विचला चालू आणि बंद अशा दोनच अवस्था असतात. या दोन्ही अवस्था ज्या यंत्राला बिघाडच वाटतात, ते यंत्र ‘वाट मोकळी आहे’ हे ओळखते तरी कशावरून, या प्रश्नाच्या उत्तरातच या सेन्सरची सगळी हुशारी आहे आणि त्याची दुरुस्ती करू पाहणाऱ्याने पाळायचे पथ्यही आहे.

दाराच्या दोन बाजूंना, जमिनीपासून फार तर सहा इंचांवर, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर उंचीवर, समोरासमोर दोन छोट्या डब्या बसवलेल्या असतात. एक डबी अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश सोडते, तिला आपण प्रेषक म्हणू. दुसरी तो टिपते, ती ग्राही. मधला किरण अडला की खाली येणारे दार थांबते आणि उलट फिरते. अमेरिकेत ही व्यवस्था सक्तीची झाली ती १ जानेवारी १९९३ पासून. त्याआधीच्या दशकात दाराखाली सापडून लहान मुले दगावण्याच्या घटना घडल्या होत्या, आणि १९९० च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा सुधारणा कायद्याने घरगुती ओपनरसाठीचे निकष बंधनकारक केले. दार एखाद्या वस्तूला टेकल्यावर दोन सेकंदांत मागे फिरले पाहिजे, ही यांत्रिक अट वेगळी. तिच्या जोडीला, दार टेकण्याआधीच अडथळा ओळखणारा किरण किंवा दाराच्या कडेवर बसणारी संवेदक पट्टी हवी, अशी ही दुसरी तटबंदी आहे.

या किरणाला सर्रास ‘लेझर’ म्हटले जाते, पण त्यात लेझर नसतो. असते ती दूरदर्शन संचाच्या रिमोटमध्ये असते तशीच अवरक्त एलईडी. ९४० नॅनोमीटरच्या आसपासची तरंगलांबी अशा कामात फार वापरली जाते, कारण सिलिकॉनचा टिपक तिथे चांगला संवेदनशील असतो आणि हवेतली पाण्याची वाफ नेमका त्याच पट्ट्यातला सूर्यप्रकाश बऱ्यापैकी शोषून घेत असल्याने उन्हाचा उपद्रव थोडा कमी होतो. थोडाच कमी होतो, हे ध्यानात ठेवायला हवे. दुपार कलल्यावर तिरपे ऊन थेट ग्राहीच्या भिंगात शिरते, तेव्हा काही मीटरवरच्या एलईडीचा मिणमिणता प्रकाश त्यापुढे अगदीच क्षुल्लक ठरतो.

यावरचा उपाय म्हणजे प्रकाश सतत न सोडता स्पंदांच्या, म्हणजे थांबून थांबून येणाऱ्या क्षणिक झोतांच्या, रूपात सोडणे. ऊन प्रखर असले तरी ते सेकंदाच्या हजाराव्या भागात कमीजास्त होत नाही. ग्राहीतील फोटोडायोड किंवा फोटोट्रान्झिस्टर ऊन आणि स्पंद या दोन्हींमुळे विद्युतप्रवाह निर्माण करतो. पण त्यापुढच्या मंडलात एक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, असा बसवलेला असतो की तो स्थिर प्रवाह अडवतो आणि फक्त बदलणारा भाग पुढे जाऊ देतो. उन्हाचा भला मोठा स्थिर हिस्सा तिथेच गळतो आणि मूठभर स्पंद पुढे सरकतात. या युक्तीला मर्यादा आहे. ऊन इतके प्रखर झाले की फोटोट्रान्झिस्टर आपल्या क्षमतेच्या टोकाला पोचतो आणि त्यातून आणखी प्रवाह वाढूच शकत नाही, तेव्हा स्पंद आला काय आणि न आला काय, त्याच्या प्रवाहात फरक पडत नाही. त्यालाच संपृक्तता म्हणतात. रोज ठरावीक वेळी दार बंद व्हायला नकार देते आणि तासाभराने आपोआप सुधारते, म्हणून त्या जागेत काहीतरी आहे अशी कुजबुज जिथे होते, तिथे मांत्रिक बोलावण्याआधी सूर्य त्या वेळी कुठल्या बाजूला असतो एवढे पाहावे. प्रेषक आणि ग्राही यांच्या जागांची अदलाबदल केली की ही बाधा बहुधा उतरते.

आता तारांकडे वळू. अनेक ओपनरमध्ये दोन्ही डब्या एकाच दोन तारांवर समांतर जोडलेल्या असतात आणि त्याच तारांवरून त्यांना वीजही मिळते व त्याच तारांवरून संदेशही परत जातो. ओपनर एका रोधातून (रेझिस्टरमधून) काही व्होल्टचा स्थिर दाब या तारांवर देतो. ग्राहीला किरणाचे स्पंद योग्य लयीत दिसले की तो आतला एक ट्रान्झिस्टर क्षणभर चालू करतो आणि दोन तारांमधला दाब खाली ओढतो, मग सोडतो, मग पुन्हा ओढतो. ओपनरचा सूक्ष्मनियंत्रक (मायक्रोकंट्रोलर, म्हणजे त्यातला छोटा संगणक) या खालीवर होण्याची लय मोजत असतो. लय सापडली तरच दार खाली न्यायची परवानगी. तारा एकमेकींना जोडल्या तर दाब कायमचा शून्य, तोडल्या तर कायमचा पूर्ण; ग्राहीतला ट्रान्झिस्टर जळून आतल्या आत जोडला गेला तर पहिली अवस्था, जळून तुटला तर दुसरी. यांपैकी कशातही लय नाही, म्हणून परवानगी नाही. रात्रीच्या पहारेकऱ्याची हाळी ठरावीक वेळाने ऐकू येते तोवर मालक निर्धास्त झोपतो आणि ती थांबली की उठून बसतो, तसाच हा व्यवहार आहे : इथे धोक्याची सूचना द्यावी लागत नाही, सगळे ठीक असल्याची खूण सतत देत राहावी लागते, आणि ती देण्यासाठी प्रेषक, ग्राही, तारा व वीजपुरवठा हे सगळेच धडधाकट असावे लागतात. एखादा भाग निकामी झाला तर दार बंद होत नाही. गैरसोय होते, पण कोणी चिरडले जात नाही. अभियंत्यांनी बिघाडाचा कल आधीच ठरवून ठेवला आहे.

दुरुस्तीला बसणाऱ्यासमोर पहिली अडचण येते ती डबीवरच्या दिव्याची. प्रेषकावरचा दिवा लागलेला आहे, म्हणजे प्रेषक ठीक आहे, असे मानून लोक ग्राहीला दोष देतात. वास्तविक तो दिवा बऱ्याचदा एवढेच सांगतो की डबीपर्यंत वीज पोचली आहे. अवरक्त एलईडी वेगळी असते, तिचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, आणि ती बंद पडली तरी दर्शक दिवा तेजाने जळत राहू शकतो. ती पाहायची तर मोबाइलचा कॅमेरा कामी येतो. मात्र काही कॅमेऱ्यांत अवरक्त प्रकाश गाळणारी काच असते, म्हणून आधी एखाद्या चालू रिमोटसमोर कॅमेऱ्याची परीक्षा घ्यावी आणि मग अंधारात प्रेषकाकडे वळावे. फिकट जांभळट ठिपका दिसला तर एलईडी काही ना काही प्रकाश सोडते आहे. किती सोडते आहे, हे त्यावरून कळत नाही.

ते कळण्यासाठी दोन्ही डब्या काढून वीतभर अंतरावर समोरासमोर धराव्यात. इथे ग्राहीचा दिवा स्थिर लागत असेल आणि दाराच्या पूर्ण रुंदीवर लुकलुकत किंवा विझत असेल, डब्यांचा नेम नीट साधलेला असेल आणि भिंगावर धूळ वा कोळिष्टक नसेल, तर प्रेषक अशक्त झाला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी संशयाची सुई मी आधी एलईडीकडे न वळवता तिच्या शेजारच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरकडे वळवतो.

त्याचे कारण प्रेषकाच्या हिशोबात आहे. त्या बारीक तारांवरून थोडाच प्रवाह मिळतो, पण किरण लांबवर पोचवायचा तर एलईडीतून क्षणभर मोठा प्रवाह जावा लागतो. म्हणून दोन स्पंदांच्या मधल्या निवांत काळात कपॅसिटर सावकाश भरत राहतो आणि स्पंदाच्या क्षणी साठवलेला विद्युतभार एलईडीतून ओततो. उदाहरणादाखल १०० मिलिअँपिअरचा स्पंद ०·१ मिलिसेकंद टिकतो असे धरू. त्याला १० मायक्रोकूलोम भार लागेल. कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा असेल तर एवढा भार दिल्यावर त्याचा दाब फक्त ०·१ व्होल्टने उतरतो, म्हणजे स्पंदाला त्याचा पत्ताही लागत नाही. आता वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतले द्रव इलेक्ट्रोलाइट सुकत जाऊन धारकता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, २ मायक्रोफॅरडवर आली असे समजा. तेवढाच भार काढायचा म्हटले तर दाब ५ व्होल्टने उतरायला हवा. पण मुळात साठाच ५ व्होल्टचा असेल, आणि अवरक्त एलईडीला प्रकाश द्यायला त्यातले सुमारे १·३ व्होल्ट लागतात, तर स्पंद अर्ध्यावरच आटतो. सुकण्याबरोबर कपॅसिटरचा अंतर्गत रोधही वाढतो. एलईडीच्या मालिकेत ३७ ओहमचा रोध असेल आणि कपॅसिटरने आपल्या पदरचे ४० ओहम त्यात घातले, तर स्पंदाच्या सुरुवातीचाच प्रवाह १०० ऐवजी ४८ मिलिअँपिअरवर येतो. थंडीत इलेक्ट्रोलाइट आणखी दाट होतो आणि हा रोध आणखी चढतो, म्हणून जे दार उन्हाळ्यात चालते ते हिवाळ्यातल्या सकाळी रुसून बसते. मल्टिमीटरने सरासरी दाब मोजून यातले काहीच समजत नाही, कारण सरासरी जवळजवळ तशीच राहते. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे दाबाचा क्षणोक्षणीचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर, एलईडीच्या दोन पायांमधला दाब पाहिला, की चौकोनी खांब दिसायला हवा तिथे टोकदार, झपाट्याने ओसरणारा सुळका दिसतो. आणि ऑसिलोस्कोप नसेल तर तेवढ्याच धारकतेचा व किमान तेवढ्याच व्होल्टचा चांगला कपॅसिटर, ध्रुव जुळवून, जुन्याला समांतर क्षणभर टेकवून पाहिला तरी निकाल लागतो.

त्या दोन तारांवर ग्राही दाब खाली ओढतो त्या क्षणी त्या डब्यांना बाहेरून वीजच मिळत नसते, हेही इथे आठवावे. तेवढा वेळ त्या आपापल्या कपॅसिटरवर तग धरतात. ग्राहीतला कपॅसिटर सुकला तर तो स्वतःच ओढलेल्या दाबाने स्वतःच मूर्च्छित पडतो, पुन्हा सावध होतो, पुन्हा ओढतो, आणि त्याची लय बिघडते. नेम अचूक असूनही दिवा थरथरताना दिसला तर या शक्यतेचा विचार करावा.

बाकीचे दोष साधे आहेत. दाराच्या हादऱ्यांनी तारेच्या सांध्यापाशी सोल्डरला गोल चीर पडते. भिंगातून पाहिल्यास ती दिसते आणि नव्याने सोल्डर केल्यावर जाते. ओलाव्याने जोडांवर हिरवट गंज चढतो. भिंतीत ठोकलेला स्टेपल तारेच्या आवरणात घुसतो. एलईडीचा संशय असेल तर मल्टिमीटरच्या डायोड तपासणीत साधारण १·१ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. दृश्य लाल एलईडीपेक्षा तो कमी असतो, कारण अवरक्त फोटॉनची ऊर्जाच कमी, सुमारे १·३ इलेक्ट्रॉनव्होल्ट, असते. कुठलाही भाग काढण्याआधी ओपनरचा प्लग काढलेला असावा, हे वेगळे सांगायला नको.

पण कपॅसिटर बदलल्यावरही किरण पोचत नाही म्हणून एलईडीचा मालिकेतला रोध कमी करून तिला जादा प्रवाह पाजण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तिथे मात्र हात आखडता घ्यायला हवा. एलईडी लवकर मरेल ही त्यातली लहान भीती. मोठी भीती वेगळी आहे. अशक्त प्रेषकामुळे होणारी चूक दार न लावण्याच्या बाजूची असते. जादा ताकदवान प्रेषकामुळे होणारी चूक दार लावण्याच्या बाजूची असू शकते. किरण हा काही ताणलेला दोरा नव्हे, तो पुढे जाताना पसरत जातो, आणि त्याचा काही भाग गुळगुळीत फरशीवरून, बाजूच्या रंगवलेल्या चौकटीवरून किंवा उभ्या गाडीच्या पत्र्यावरून परावर्तित होऊन ग्राहीत शिरतो. मूळ शक्तीवर तो भाग इतका क्षीण असतो की ग्राही त्याची दखल घेत नाही. शक्ती दुप्पट-तिप्पट केली की सरळ वाट अडलेली असतानाही आडवाटेने आलेले स्पंद ग्राहीला पुरेसे वाटू शकतात. ग्राहीतला फोटोट्रान्झिस्टर काढून अधिक संवेदनशील बसवणे हाही तोच उद्योग. दोन्ही डब्या छताजवळ समोरासमोर चिकटवून टाकण्याचा ‘जुगाड’ तर दुरुस्तीच्या सदरात मोडतच नाही. त्यात स्पंद खरे असतात, लय खरी असते, फक्त त्यांना दाराखाली काय आहे याच्याशी काही कर्तव्य उरत नाही, आणि ओपनरला ही लबाडी पकडता येण्याचा मार्ग नाही.

म्हणून माझ्या मते इथली मर्यादा स्पष्ट आहे : मूळ मूल्याचा कपॅसिटर, मूळ जातीची एलईडी, सोल्डर, तारा आणि जोड एवढ्यांना हात लावावा, ग्राहीचा निर्णय ठरवणारे रोध, त्याचा टिपक व त्याचे एकात्मिक मंडल (आयसी) जसेच्या तसे ठेवावे. काम झाल्यावर दार खाली येत असताना एक खोका किरणाच्या वाटेत सरकवून दार उलटते का ते पाहावे, आणि एकाच जागी पाहून न थांबता प्रेषकाजवळ, मध्यभागी आणि ग्राहीजवळ असे पाहावे, कारण परावर्तनाची आडवाट मधोमध ठेवलेल्या अडथळ्याला चुकवून जाऊ शकते आणि भिंगाला लागून ठेवलेल्याला सहसा चुकवत नाही. भिंतीवरचे बटण दाबून धरले की अनेक ओपनर सेन्सरकडे दुर्लक्ष करून दार खाली आणतात, म्हणून ही परीक्षा बटण दाबून सोडूनच करायची. ग्राहीचे मंडलच गेले असेल तर दोन्ही डब्या बदलाव्यात आणि त्या त्याच ओपनरसाठी बनवलेल्या असाव्यात. वेगवेगळ्या बनावटींची स्पंदांची लय वेगळी असू शकते, आणि न जुळणारी जोडी बसवली तर दार उघडेच राहते.