अंगावर गांधी उठते तेव्हा

एप्रिल-मेमध्ये पुण्यातल्या कांडप गिरण्यांसमोर वर्षाच्या तिखटासाठी रांगा लागतात. मिरच्यांची देठं खुडणाऱ्यांचे हात मग रात्री उशिरापर्यंत भगभगतात. कातडी लाल आणि गरम होते, पण खरचटलेलं कुठेच नसतं. बहुतेक घरांत याला 'उष्णता' म्हणून मोकळं होतात. प्रत्यक्षात ही लाली मज्जातंतूंनी आणलेली असते.

मज्जातंतू वेदनेची बातमी मेंदूकडे नेतात, हे आपण शाळेत शिकतो. ते खरं असलं तरी अपुरं आहे. त्वचेतल्या बारीक संवेदी तंतूंना फाटे असतात. मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्सेसिनने एक फाटा चेतवला की संदेश मेंदूकडे निघतो, आणि वाटेत दुसऱ्या फाट्यात शिरून पुन्हा त्वचेकडे वळतो. तिथे तंतूच्या टोकातून पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, सुटतात. त्यांतली दोन फार महत्त्वाची. सबस्टन्स पी ही 11 अमिनो आम्लांची साखळी. उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम या शास्त्रज्ञांनी 1931 मध्ये घोड्याच्या मेंदूच्या आणि आतड्याच्या अर्कात तिचा माग काढला. दुसरं 37 अमिनो आम्लांचं सीजीआरपी (कॅल्सिटोनिन जीन-रिलेटेड पेप्टाइड).

सीजीआरपी सूक्ष्म रोहिण्या सैल करतं, म्हणून रक्त वाढतं आणि लाली दिसते. सबस्टन्स पीचं काम पुढच्या टप्प्यावर, केशवाहिन्यांनंतरच्या अगदी लहान शिरांमध्ये चालतं. या शिरांच्या आतून पेशींचं एकेरी अस्तर असतं. सबस्टन्स पी त्या पेशींवरच्या एनके-1 ग्राहीला, म्हणजे त्याचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटलं की पेशीत कॅल्शियम वाढतं, आतले प्रथिनांचे धागे आकसतात, शेजारच्या पेशींमधले सांधे सुटतात आणि फटी पडतात. त्यांतून रक्तातलं पाणी आणि प्रथिनं ऊतीत झिरपतात, तीच सूज. सीजीआरपी एकट्याने फारसं झिरपवत नाही, पण त्याने वाढवलेलं रक्त याच फटींपाशी येतं, आणि पाझर कितीतरी वाढतो. दोन रेणूंची ही जोडी मला शरीरातल्या सर्वांत सुंदर यंत्रणांपैकी एक वाटते.

मात्र इथे प्राण्याप्राण्यांत फरक आहे. उंदराच्या रक्तात इव्हान्स ब्लू हा निळा रंग सोडून पायाचा मज्जातंतू उद्दीपित केला, तर पंजा निळा पडतो, इतकी गळती होते. माणसाच्या त्वचेत तंतूंमुळे मुख्यतः लाली येते. ठसठशीत गांधी, म्हणजे त्वचेवरचा फुगीर उठाव, उठायला मास्ट पेशी या त्वचेतल्या संरक्षक पेशींमधलं हिस्टामिन हे रसायन लागतं. त्यामुळे तिखटाने हात नुसता लाल होतो, आणि मुठेकाठचा डास चावला की मध्ये गांधी व भोवती लाली, दोन्ही दिसतात. त्यातली गांधी हिस्टामिनने शिरा पाझरल्यामुळे उठते. भोवतीची लाली त्याच हिस्टामिनने चेतवलेल्या तंतूंची.

थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरांनी 1920च्या दशकात हा फरक बारकाईने नोंदवला होता. तंतू नष्ट झालेल्या त्वचेत गांधी उठे, पसरणारी लाली मात्र येत नसे. कुष्ठरोगाच्या निदानासाठी याचा थेट उपयोग झाला. त्वचेवरच्या फिकट चट्ट्यावर हिस्टामिनचा थेंब ठेवून सुईने हलकं टोचायचं. गांधी उठली आणि भोवती लाली आलीच नाही, किंवा अगदी पुसट आली, तर तिथल्या तंतूंना इजा झाली आहे, असा संशय घ्यायचा. चट्टा बधिर आहे की नाही हे लहान मुलाला नीट सांगता येत नाही. तिथे ही परीक्षा विशेष कामाची ठरली.