‘सेट’ : बसवण्यापासून सेटिंगपर्यंत

वरूड-मोर्शीकडचा संत्रा बागायतदार ‘फळ सेट झालं’ म्हणतो. स्लॅबवरचा मिस्त्री ‘माल सेट व्हायला आला’ म्हणून मजुरांना घाई करतो. हिरीवर पंपसेट असतो, अन् दहावीतलं पोरगं ‘सेट’चे अर्थ पाठ करत बसतं. पाठांतराने हे क्रियापद हाती लागत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत एकट्या क्रियापदाच्या अर्थांचा आकडा 430 च्या घरात होता अन् ही नोंद कोशातली सगळ्यात लांब नोंद होती. पुढे ‘रन’ने तो मान घेतला, 2011 साली त्याचे क्रियापद म्हणून 645 अर्थ मोजले गेले. पण ‘रन’पेक्षा ‘सेट’ आपल्याला जवळचा आहे, कारण त्याची घडण मराठी माणसाच्या ओळखीची आहे.

जुन्या इंग्रजीत ‘सित्तन’ म्हणजे बसणे आणि ‘सेत्तन’ म्हणजे बसवणे. पहिल्यातून आजचं ‘सिट’ आलं, दुसऱ्यातून ‘सेट’. आपण पडणे-पाडणे, मरणे-मारणे असे स्वर बदलून प्रयोजक रूप करतो, तशीच ही जुनी सोय. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे ही जोडीही त्यातलीच. मूळ धातू संस्कृतातल्या ‘सद्’चा सख्खा भाऊबंद आहे, सदन, संसद, परिषद हे शब्द त्याच कुळातले. एसटीतली ‘सीट’ आणि कोर्टातलं ‘सेटल’ही तिथलंच.

म्हणून सुरुवात ‘बसवणे’पासून करावी. ‘सेट’चे पुष्कळ जुने अर्थ तिथेच सापडतात. अंगठीत खडा बसवायचा, मोडलेलं हाड बसवायचं, दोन्हीकडे इंग्रजीत ‘सेट’. खुडूक कोंबडीला अंड्यावर बसवलं की इंग्रज खेडूतही ती कोंबडी ‘सेट’ केली म्हणायचा. पिल्लं निघायला तिथेही 21 दिवसच. सूर्यापाशी मात्र वाट फुटते. आपल्याकडे दिवस बुडतो, इंग्रजीत तो खाली जाऊन बसतो.

दुसरी मोठी फांदी ‘बसून घट्ट होणे’ या अर्थाची. गाळ बसतो, रंग बसतो, हे आपणही म्हणतो. दह्याला मात्र आपण लागलं म्हणतो, इंग्रजीत दहीसुद्धा ‘सेट’ होतं. सिमेंटमध्ये या अर्थाला मोजमाप आहे. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटचं प्राथमिक सेटिंग 30 मिनिटांच्या आत होता कामा नये आणि अंतिम सेटिंग 600 मिनिटांच्या पुढे जाता कामा नये. कारखान्यात क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे, दळताना जिप्सम घालतात ते याचसाठी. नाहीतर पाणी लागताच माल आवळून येईल. सेट होणं म्हणजे कडक होणं नव्हे. सेट झालेला माल आकार सोडत नाही एवढंच, ताकद पुढे दिवसागणिक येते. म्हणून किमान 7 दिवस पाणी मारायचं. सेट होऊ लागलेल्या मालात वरून पाणी ओतून पुन्हा कालवला तर दिसायला मऊ होतो, पण धरलेली पकड तुटते आणि काँक्रीट कच्चं राहतं.

संत्र्यात सेटिंग म्हणजे फूल झडून मागे फळ टिकणे. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, मृगाची जून-जुलैत. फुलं ढीगभर असली तरी टिकतात थोडीच. सेट झालेलं फळसुद्धा एप्रिल-मेच्या उन्हात, पाण्याच्या पाळ्या हुकल्या की गळतं. गळ थांबवायला 100 लिटर पाण्यात जिब्रेलिक आम्ल हे वाढीचं संजीवक 1.5 ग्रॅम आणि युरिया 1 किलो ही फवारणी सांगितली जाते. जिब्रेलिक आम्लाची पावडर थेट पाण्यात टाकली तर नीट विरघळत नाही. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळावी लागते.

पंपसेटचा ‘सेट’ मात्र वेगळा आहे. संच या अर्थाचा हा शब्द लॅटिन ‘सेक्ता’पासून, म्हणजे एकामागे चालणाऱ्यांचा जथा या अर्थापासून, जुन्या फ्रेंचमार्गे आला आणि उच्चार एकच झाल्यामुळे क्रियापदात मिसळून गेला. सोफासेट, टीसेट, टेनिसमधला सेट याच बाजूचे. इथे ‘बसवणे’ लावून पाहिलं तर अर्थ हाती येत नाही, अन् विद्यार्थी अडतात ते बहुधा इथेच.

व्याकरणात तीन ठिकाणी गुण जातात. पहिलं, रूप बदलत नाही: सेट, सेट, सेट. ‘सेटेड’ असं भूतकाळी रूप नाही. ‘ही सेट द टेबल’ हे वाक्य भूतकाळाचंच आहे, वर्तमानात ‘सेट्स’ लागतं. दुसरं, स्वतः बसायला ‘सिट’, दुसऱ्याला किंवा वस्तूला बसवायला ‘सेट’. पाहुण्याला ‘प्लीज सेट’ म्हटलं तर काय बसवायचं, हा प्रश्न उरतो. तिसरं, जोडशब्द. ‘सेट आउट’पुढे ‘टू’सह क्रियापद येतं, ‘सेट अबाउट’पुढे ‘इंग’चं रूप. ‘सेट इन’ला कर्म चालत नाही: मान्सून ‘हॅज सेट इन’ म्हणायचं, ‘वॉज सेट इन’ नव्हे. पाऊस, थंडी, सड अशा मुक्कामाला येणाऱ्या गोष्टींसाठीच तो वापरावा. एखाद्या सरीसाठी नाही. मान्सूनच्या ‘ऑनसेट’मध्येही हाच ‘सेट’ आहे.

स्लॅबखालच्या फळ्यांना गावात काही जण ‘सेटिंग’ म्हणतात. तो खरा ‘सेंटरिंग’ शब्द आहे, कमानीच्या आधाराला लावायच्या चौकटीचा, आणि त्याचं या क्रियापदाशी काही नातं नाही. प्राध्यापकीसाठीची ‘सेट’ परीक्षा तर निव्वळ तीन आद्याक्षरं.