इंद्रियांना कळतो तो फरक

दोन वजने हातांत घेतली असता त्यांतले जड कोणते, हे माणसाला केव्हा कळते? लाइपझिग विद्यापीठातील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक अर्न्स्ट हाइनरिख वेबर यांनी या साध्या प्रश्नाचा प्रयोगांनी छडा लावला आणि १८३४ साली स्पर्शावरील आपल्या लॅटिन ग्रंथात त्याचे उत्तर मांडले. फरक किती ग्रॅमचा आहे यापेक्षा मूळ वजनाच्या मानाने तो किती आहे, यावर सारे अवलंबून असते. उचलून पाहिलेल्या वजनांत हे प्रमाण साधारण चाळिसाव्या हिश्श्याइतके भरते. म्हणजे ४०० ग्रॅमच्या वस्तूत १० ग्रॅमची भर जेमतेम जाणवते, पण ४ किलोच्या पिशवीत तीच भर पडली तर हाताला पत्ताही लागत नाही, तेथे सुमारे १०० ग्रॅम वाढावे लागतात.

मानसशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत हा नियम एका सूत्रात उरकला जातो. मला तो अधिक जागेचा हक्कदार वाटतो, कारण बाहेरच्या जगाची मोजदाद इंद्रिये आहे त्या मापात करतच नाहीत, हे त्यातून प्रथमच आकड्यांत दिसले. अर्थात उद्दीपक, म्हणजे संवेदना जागी करणारे वजन, प्रकाश यांसारखे कारण, अतिशय क्षीण किंवा अतिशय तीव्र असेल तर तो नीट लागू पडत नाही.

वेबर यांचे सहकारी गुस्टाव्ह फेख्नर हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. रंगीत काचांतून सूर्याकडे पाहण्याच्या प्रयोगांनी त्यांचे डोळे इतके बिघडले की काही वर्षे त्यांना प्रकाश टाळून राहावे लागले. पुढे १८६० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी वेबर यांच्या नियमाला गणिती रूप दिले: उद्दीपक पटीपटीने वाढत गेला, तर संवेदना मात्र एकेका पायरीने वाढते. ताऱ्यांच्या प्रती, म्हणजे तेजस्वितेनुसार पाडलेले त्यांचे वर्ग, हे त्याचे चांगले उदाहरण आहे. प्राचीन निरीक्षकांनी नुसत्या डोळ्यांनी ताऱ्यांच्या तेजस्वितेचे सहा टप्पे पाडले होते. प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा पहिल्या प्रतीच्या ताऱ्याकडून सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा सुमारे १०० पट प्रकाश येतो असे आढळले.

तुलनेची ही सवय काळाच्या बाबतीतही दिसते. मनगटावरच्या घड्याळाचा दाब थोड्या वेळाने जाणवेनासा होतो, कारण त्वचेतील काही ग्राही, म्हणजे स्पर्श टिपणारी चेतातंतूंची टोके, दाब सुरू होताना आणि सुटताना तेवढा संदेश पाठवतात, मधल्या काळात ते जवळजवळ गप्प असतात. वासाचेही तसेच. यालाच संवेदनिक समायोजन म्हणतात.

मग एखाद्या चित्राकडे टक लावून पाहताना ते विरून का जात नाही? त्याचे कारण असे की आपण नजर कितीही स्थिर ठेवली, तरी डोळे सतत सूक्ष्म हालचाली करत राहतात आणि दृष्टिपटलावरची प्रतिमा किंचित सरकत राहते. १९५० नंतरच्या काही वर्षांत ब्रिटन व अमेरिकेतील संशोधकांनी कॉन्टॅक्ट लेन्सवर बसवलेल्या आरशाच्या साहाय्याने प्रतिमेला डोळ्याबरोबरच हलवले. तेव्हा ती काही सेकंदांतच फिकी होऊन नाहीशी झाली. अशी न दिसणारी एक स्थिर प्रतिमा आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत आहे. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या प्रकाशग्राही पेशींच्या पुढे, म्हणजे ऐन प्रकाशाच्या वाटेत पसरलेल्या असतात, परंतु त्यांची सावली नेहमी त्याच जागी पडत असल्याने ती दिसत नाही. नेत्रतपासणीत प्रकाशझोत डोळ्यावर तिरपा फिरला की सावली जागा सोडते, आणि क्षणभर झाडाच्या फांद्यांसारखी जाळी समोर उभी राहते.

वेदनेची गोष्ट मात्र निराळी आहे. ठणकणारा दात तासन्‌तास ठणकतच राहतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली स्मिथ स्टीव्हन्स यांनी १९५७ साली दाखवले की फेख्नर यांचे सूत्र सर्व संवेदनांना सारखे बसत नाही: प्रकाश दुप्पट केला तरी उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटत नाही, पण विजेचा प्रवाह दुप्पट केला तर धक्का दुपटीहून कितीतरी जोराचा वाटतो. उन्हातही आणि चांदण्यातही पाहता यावे म्हणून डोळ्याला प्रकाशाची प्रचंड कक्षा दाबून बसवावी लागते. शरीराला इजा करू शकणाऱ्या गोष्टीची वाढ अशी दाबून दाखवणे जिवावर बेतले असते.