काळे पडलेले कुंकू

विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईत राहणाऱ्या आणि तेथे येणाऱ्या-जाणाऱ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यापाठोपाठ १८६८ ते १८७५ या काळात लंडनमध्ये ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा संग्रह निघाला. अशा संग्रहांत चित्राखाली माणसाचे नाव क्वचितच असते, जात मात्र असते. ‘अमुक जात अशी दिसते’ याचा पुरावा म्हणून ही चित्रे वाचली गेली. पण माणूस कसा दिसावा, हे पुष्कळ अंशी काचेवरच्या रसायनाने ठरवले होते.

तेव्हाची छायाचित्रे काचेवर घेत. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये जाहीर केलेल्या या पद्धतीत नायट्रोसेल्युलोज (कापसावर आम्लांची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ) हे ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून, त्यात आयोडाइड मिसळून, ते चिकट कलोडियन काचेवर ओतत आणि काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवत. थर वाळला की काच वाया जाई; त्यामुळे लेप देण्यापासून चित्र उमटवण्यापर्यंतचे सगळे काम दहा-पंधरा मिनिटांत, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहूनही घाईने, उरकावे लागे.

या थरातले सिल्व्हर आयोडाइड निळ्या, जांभळ्या आणि अतिनील किरणांना दाद देते. पिवळा त्याला जेमतेम कळतो आणि लाल जवळजवळ कळतच नाही. म्हणून निळे लुगडे डोळ्यांना दिसते त्याहून फिके येई, तर कपाळावरचे कुंकू आणि लाल पागोटे काळे पडे. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवरून परतणाऱ्या प्रकाशात तांबडा-पिवळा भाग अधिक असतो आणि नेमका तोच काच टिपत नसल्यामुळे चेहराही असे त्याहून काळा उमटे. कातडीच्या रंगावरून माणसांची प्रतवारी लावू पाहणाऱ्या त्या काळात हा दोष क्षुल्लक म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण वेळेची. काच काही सेकंद उघडी राही, तेवढा वेळ माणसाने हलायचे नाही; पुष्कळदा मानेमागे लोखंडी आधार लावत. कुंभाराचे चाक फिरू लागले तर त्याचा नुसता धूसर पट्टा उमटणार, म्हणून चाक थांबवून त्यावर हात टेकवलेला कुंभार टिपायचा. अशा चित्रात धंदा कामातून नव्हे, तर अवजारातून ओळखायचा असतो. शंख-चक्रावरून विष्णू ओळखावा, तसा. गावगाड्यात मात्र बलुतेदार आपले काम सांभाळून शेतीही करत आणि महार समाजातले कितीतरी जण मुंबई सैन्यात शिपाई होते. जनगणनेत जात आणि धंदा यांचे रकाने वेगळे ठेवावे लागले, ते उगाच नव्हे.

जॉन्सनने तर आणखी एक युक्ती केली. माणसांचा गट एका काचेवर टिपायचा, मुंबईतले एखादे ठिकाण दुसऱ्या काचेवर, आणि दोन्ही एकाच कागदावर एकापाठोपाठ छापायचे. असा ठसा भिंगाखाली धरला तर माणसांच्या कडेला कापल्यासारखी रेघ सापडू शकते, किंवा पायाशी पडलेली सावली मागच्या इमारतीच्या सावलीशी जुळत नाही. कारागिरी म्हणून हे काम दाद देण्याजोगे आहे. पण ती माणसे त्या जागी कधी उभी राहिली होती, असे त्यावरून म्हणता येत नाही.

हल्ली जुनी छायाचित्रे संगणकाकडून रंगवून घेण्याची हौस आहे. संगणक करड्या छटेवरून रंगाचा अंदाज बांधतो. परंतु कलोडियनच्या काचेवर लाल आणि काळा यांची छटा जवळपास एकच असते, त्यामुळे पागोटे मुळात कोणत्या रंगाचे होते, हे त्या ठशात शिल्लकच नसते.