प्राथमिक शाळेतली स्पॅनिश: वेगाचा प्रश्न कुठून आला?

अमेरिकेत प्राथमिक शाळेत स्पॅनिश किती वेगाने शिकवावी, हा जुना वाद मुळात तासांच्या हिशेबाचा आहे. 1957 मध्ये सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक उपग्रह अवकाशात गेला, आपण मागे पडतोय या धास्तीने पुढच्या वर्षी अमेरिकेत राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला आणि परकीय भाषांसाठी सरकारी पैसा आला. शाळांनी भराभर वर्ग काढले, पण तयार शिक्षक पुरेसे नव्हते. तासिका जेमतेम 15-20 मिनिटांच्या, पद्धत संवाद पाठ करून घेण्याची. मुलं संवाद धडाधड म्हणत. प्रश्न जरा फिरवून विचारला की अडत. साठचं दशक संपता संपता ही लाट ओसरली.

त्याच काळात वेगळी वाटही निघाली. मायामीच्या कोरल वे शाळेत 1963 पासून अर्धा दिवस स्पॅनिश, अर्धा दिवस इंग्रजी सुरू झालं. कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत 1971 मध्ये बालवर्गापासून सगळे विषयच स्पॅनिशमधून शिकवू लागले.

आकडेमोड करून पाहा. आठवड्याला 30 मिनिटांच्या दोन तासिका आणि 36 आठवडे, म्हणजे वर्षाला 36 तास. पहिली ते पाचवी मिळून 180. अर्धा दिवस, रोज तीन तास धरले, तर एकाच वर्षात 540. तरीही पुष्कळ ठिकाणी माध्यमिकचं पुस्तकच तुकडे करून खाली उतरवलं गेलं, नाहीतर दरवर्षी तेच रंग, आकडे, प्राणी. नामांचा ढीग साचतो, वाक्य मात्र होत नाही.

वर्षाच्या 36 तासांत पेलेल असा घटक पाच-सहा आठवड्यांचा असावा आणि तो 'आय' (आहे), 'तिएने' (त्याच्याकडे आहे), 'किएरे' (त्याला हवंय) अशा मोजक्या क्रियारूपांभोवती फिरावा. 'एल गातो तिएने आंब्रे', मांजराला भूक लागलीय. आधी हो-नाही, मग मांजराला की कुत्र्याला, मग कुणाला, या क्रमाने प्रश्न विचारले की लाजरं मूलही पहिल्याच दिवशी उत्तर देतं. क्रियारूपांची कोष्टकं इथे घाईची ठरतात. सुट्ट्या, सहली, स्नेहसंमेलन यांत तासिका बुडणारच, म्हणून 36 आठवड्यांना 30 आठवड्यांचाच मजकूर आखावा, आणि प्रत्येक नव्या घटकात जुने शब्द मुद्दाम परत आणावेत.

परकीय भाषा शिक्षणाच्या 1996 च्या राष्ट्रीय मानकांनी संवादाला अग्रस्थान दिलं खरं, पण वेळ वाढवून देणं मानकांच्या हातात नव्हतं. परकीय भाषा शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांचं प्रमाण 1997 मध्ये 31 टक्के होतं, ते 2008 मध्ये 25 टक्क्यांवर आलं. जिथे वर्ग टिकले, तिथेही माध्यमिक शाळा अनेकदा सगळ्यांना पुन्हा मुळाक्षरांपासून बसवते. पाचवीच्या शिक्षकाने कोणती क्रियारूपं मुलांच्या तोंडी बसली आहेत, याची एक पानी यादी पुढे पाठवली तर निदान हा खंड टळतो.